तेवढंच बी, तेवढंच खत, तरी पीक कमी: छोट्या शेतातली गळती कशी शोधायची

एका बांधाच्या अलीकडे पलीकडे दोन शेतं असतात. माती एकच, पाऊस एकच, बियाणं एकाच पिशवीतलं अर्धं अर्धं वाटून घेतलेलं, खताच्या गोण्याही सारख्या, आणि मळणीला एकाची दहा पोती भरतात तर दुसऱ्याची सात. मधली तीन पोती गेली कुठे? बहुतेक जण याला नशीब म्हणतात, नाहीतर पुढच्या हंगामात अजून एक गोणी खत टाकून मोकळे होतात. मला हे दोन्ही पटत नाही. जिथून गळतंय ती जागा सापडायच्या आधी वरून जास्त ओतलं तर जास्तच गळणार. म्हणून हे सगळं लिहितोय, ती जागा शोधायची कशी त्याबद्दल. ज्याची जमीन दोन हेक्टरच्या आत आहे, घरचीच माणसं राबतात, पैसा मोजका आहे, त्याच्यासाठी. आणि हे लोक काही थोडे नाहीत, जगात साधारण ५७ कोटी शेतं आहेत आणि त्यातली ८४ टक्के दोन हेक्टरपेक्षा लहान आहेत.

आधी एक हिशोब डोक्यात पक्का करा. सात पोतीवाल्याची कार्यक्षमता दहावाल्याच्या मानाने ७० टक्के, म्हणजे त्याला ३० टक्के वाव आहे असं सगळे म्हणतात, पण त्याच्या बाजूने बघितलं तर सातची दहा होणं म्हणजे जवळपास ४३ टक्के वाढ, आणि तीही खत बी न वाढवता. गरीब देशांतल्या शेतीवर असे मोजमापाचे शेकडो अभ्यास झालेत आणि ते एकत्र करून बघितले तर सरासरी ७० टक्क्यांच्या आसपासच येते. म्हणजे सात आणि दहा पोती हे काही जगावेगळं उदाहरण नाही.

कार्यक्षमता म्हणजे नक्की काय

१९५७ साली फॅरेल नावाच्या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने याची फोड केली आणि ती आजही तशीच वापरतात. दोन भाग आहेत. पहिला तांत्रिक: जेवढं बी, खत, पाणी, मजुरी घातली त्यातून जेवढं निघू शकतं तेवढं काढलं का. दुसरा वाटपाचा: पैसा आणि कष्ट योग्य गोष्टीवर घातले का, म्हणजे खत महाग आणि मजूर स्वस्त असताना खुरपणी सोडून खतावर पैसे उडवले असं तर नाही ना. दोन्हींचा गुणाकार म्हणजे एकूण आर्थिक कार्यक्षमता. तांत्रिक ८० टक्के आणि वाटपाची ९० टक्के असेल तर एकूण ७२ टक्केच राहते. सरासरी नाही, गुणाकार, त्यामुळे दोन्हीकडे थोडं थोडं गळालं तरी शेवटी खड्डा मोठा पडतो.

इथे एक जुना वाद आहे आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. १९६४ मध्ये थिओडोर शुल्ट्झ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने मांडलं की पारंपरिक शेतकरी गरीब असला तरी हातात आहे त्याचा वापर तो नीटच करतो, पिढ्यानपिढ्या तेच बी तीच अवजारं वापरून त्याने सगळं पारखून घेतलेलं असतं. यात बरंच खरं आहे आणि शेतकऱ्याला अडाणी समजणाऱ्यांनी ते आधी ऐकून घ्यावं. पण बियाणं बदललं, खत आलं, पाऊस पुढेमागे सरकायला लागला की जुना अंदाज चुकतो, नवा बसायला वेळ लागतो, आणि त्या मधल्या काळातच ही दहा आणि सातची दरी पडते. सात पोतीवाला आळशी आहे असं धरून सुरुवात केली तर खरं कारण कधीच हाती लागणार नाही.

मोजल्याशिवाय काही कळत नाही

सगळ्यात आधी जमीन मोजा, टेपने किंवा मोबाईलच्या जीपीएसने. कागदावर लिहिलेलं किंवा आजोबांनी सांगितलेलं क्षेत्र धरू नका, कारण लोक छोटा तुकडा असेल तर तो मोठा सांगतात आणि मोठा असेल तर कमी सांगतात हे बऱ्याच देशांत तपासून झालंय. क्षेत्रच चुकलं तर एकरी बी, एकरी खत, एकरी उत्पन्न सगळंच चुकतं. औषधाचा डोससुद्धा. फक्त एवढं लक्षात ठेवा की अगदी छोट्या तुकड्यात फोनचं जीपीएस दोनचार मीटर इकडेतिकडे दाखवतं, तिथे टेपच बरी.

मग पीक मोजा. पूर्ण शेताची पोती मोजता आली तर उत्तम, नाहीतर पाच मीटर बाय पाच मीटरचा चौकोन दोरीने आखा आणि त्यातलंच पीक वेगळं कापून, मळून, वाळवून वजन करा. चौकोन कुठे आखायचा ते डोळ्यांनी ठरवू नका, नजर नेहमी चांगल्या पिकाकडेच जाते. घड्याळाचा सेकंद काटा बघा, ३७ वर असेल तर बांधाच्या कोपऱ्यापासून ३७ पावलं आत, परत एकदा बघून तेवढी पावलं आडवी. असे तीन तरी चौकोन घ्या. एका चौकोनाचे २५ चौरस मीटर होतात, किलोला ४०० ने गुणलं की हेक्टरी आणि १६२ ने गुणलं की एकरी उत्पन्न मिळतं. आणि ओलं वजन सुक्याशी जोडू नका. २० टक्के ओलाव्याचं १० किलो धान्य १४ टक्क्यांवर आणलं की ९.३ किलो उरतं (१० गुणिले ८० भागिले ८६). दोन शेतांची तुलना करताना नुसत्या ओलाव्यानेच सात टक्के फरक पडू शकतो, आणि लोक त्यावरून वाणाला दोष देऊन बसतात.

तिसरं म्हणजे वही. शंभर रकाने नकोत, ते कोणीच भरत नाही. तारीख, तुकडा, काम, किती माणसं किती वेळ, काय टाकलं किती टाकलं, एवढंच. घरच्या माणसांचे तासही लिहायचे, हे मी मुद्दाम सांगतोय कारण घरच्या कष्टाला किंमत नाही असं धरलं की हिशोब गोड दिसतो. ज्याचं एकरी उत्पन्न जास्त त्याचं दर दिवसाच्या मजुरीमागचं उत्पन्न कमी असू शकतं, म्हणून एका आकड्यावर थांबू नका, एकरामागे किती, माणसाच्या एका दिवसामागे किती, आणि खर्च केलेल्या पैशामागे किती, असे तिन्ही काढा.

आता तुलना कोणाशी? टीव्हीवरच्या विक्रमी शेतकऱ्याशी नाही, आणि संशोधन केंद्रातल्या प्लॉटशीही नाही, तिथे पाणी मजूर सगळं वेळेवर असतं. तुमच्यासारखीच माती, तसंच पाणी, तेवढीच जमीन असलेल्या पाचसहा जणांमध्ये जो सगळ्यात पुढे आहे त्याच्याशी करा. मोठ्या अभ्यासांमध्येही हेच करतात, सगळ्यात चांगल्या शेतांची एक कड धरतात आणि बाकीचे त्या कडेपासून किती आत आहेत ते मोजतात. १९७७ साली अशी एक पद्धत आली ज्यात कडेपासूनच्या अंतरातला नशिबाचा भाग, म्हणजे गारपीट, कीड, आजारपण, आणि खऱ्या कार्यक्षमतेचा भाग वेगळा काढायचा प्रयत्न असतो. तुम्हाला ते गणित करायची गरज नाही, पण विचार तोच ठेवा: एका वर्षावरून ठरवू नका, दोन तीन हंगाम सलग जो पुढे असतो त्याच्या शेतात जाऊन बसा आणि तो कुठलं काम कधी करतो ते बघा. काय वापरतो ते सगळेच विचारतात. कधी करतो ते फार कमी जण विचारतात आणि माझ्या मते निम्मी गोष्ट तिथेच असते.

पेरणीपासून चालत या

पहिली गळती उगवणीत. पेरणीच्या दहा दिवस आधी शंभर दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवा, आठवड्याने मोजा किती उगवले. ९० च्या वर असतील तर काळजी नाही. ७० च असतील तर एकतर बी बदला नाहीतर त्या मानाने बी वाढवा. हे काम फुकट आहे आणि तरी राहून जातं, मग पीक विरळ आलं की खत वाढवलं जातं, जिथे रोपच नाही तिथे खत खाणार कोण तर तण.

उगवल्यावर रोपं मोजा. समजा मका आहे, ओळीत ७५ सेंटीमीटर आणि रोपात २० सेंटीमीटर अंतर ठरवलंय, तर हेक्टरी ६६ हजारांच्या वर रोपं व्हायला हवीत आणि दहा मीटर ओळीत ५० दिसायला हवीत. दहा मीटरची दोरी घेऊन दहा जागी मोजा. सरासरी ३५ भरली तर ३० टक्के पीक जमिनीवर येण्याआधीच गेलेलं आहे, वरून काहीही टाकलं तरी ते परत येत नाही. पहिल्या आठवड्या दीड आठवड्यात नांग्या भरल्या, म्हणजे मोकळ्या जागी परत बी टोकलं, तर थोडं सावरतं, नंतर भरलेली रोपं मोठ्यांच्या सावलीत दबतात. उलटंही होतं, एकेका जागी तीन तीन रोपं राहतात आणि विरळणी करायला मन होत नाही.

मग वेळ. यावर जरा जास्त लिहितो कारण माझ्या मते छोट्या शेतीतली सगळ्यात मोठी गळती हीच आहे आणि ती पावतीवर कुठेच दिसत नाही. वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, येतो आणि तीन चार दिवसांत जातो. त्या दिवसांत बैल किंवा ट्रॅक्टर भाड्याने मिळाला नाही, बी आणायला पैसे नव्हते, घरात कोणी आजारी पडलं, किंवा आधी दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जावं लागलं, की पेरणी आठवडाभर पुढे जाते आणि मग फुलोऱ्याच्या वेळी नेमका पाऊस संपलेला असतो. दोघांच्या वहीत खर्च सारखाच दिसतो, तारीख मात्र वेगळी असते. म्हणून वहीत तारीख लिहायला सांगितलं. आणि गंमत नाही तर वाईट वाटण्यासारखी गोष्ट ही की उशीर बहुतेक वेळा त्याच घराचा होतो ज्याला आधीच पैशाची ओढ आहे. यावर उपाय करायचा तर पेरणीच्या महिनाभर आधी बसा आणि लिहून काढा: त्या आठवड्यात कुठली कामं एकदम अंगावर येतात, त्यात अवजार कोणाचं, माणसं किती, आणि ते मिळालं नाही तर दुसरा पर्याय काय. चार घरांनी मिळून आळीपाळीने एकमेकांच्या शेतात पेरणी केली तर चारही वेळेत होतात, फक्त पहिला नंबर कोणाचा हे दरवर्षी फिरतं ठेवायला हवं, नाहीतर दुसऱ्या वर्षी ही व्यवस्था मोडते.

तणाचंही तसंच. पिकाच्या आयुष्याचा पहिला तृतीयांश काळ तणाला दिला की उरलेल्या काळात कितीही स्वच्छ ठेवलं तरी नुकसान भरून निघत नाही. तीन खुरपण्या उशिरा करण्यापेक्षा दोन वेळेवर केलेल्या बऱ्या, मजुरी कमी आणि पीक जास्त. मजूर कमी असतील तर सगळ्या शेतात उशिरा फिरण्यापेक्षा चांगल्या मातीच्या तुकड्यात आधी करून घ्या. ओळीत पेरलेलं असलं तर कोळपं चालतं आणि हाताचं काम फक्त दोन रोपांच्या मधलं उरतं, फेकून पेरलेल्या शेतात सगळंच वाकून करावं लागतं, म्हणजे पेरणीच्या दिवशी वाचवलेला वेळ खुरपणीत तिप्पट जातो.

माती आणि खत

एकोणिसाव्या शतकात लिबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने लोकांना पटवून दिलेली एक गोष्ट इथे कामाची आहे: पीक वाढतं ते सगळ्यात कमी असलेल्या अन्नद्रव्याच्या मापाने. लाकडी पिंपाची एक फळी आखूड असेल तर बाकीच्या कितीही उंच असोत, पाणी त्या आखूड फळीपर्यंतच राहणार. स्फुरद (फॉस्फरस) कमी असलेल्या जमिनीत युरिया वाढवत राहणं म्हणजे उंच फळी अजून उंच करणं. शेतकरी हे का करतो, तर युरियाने पान लगेच हिरवं होतं, डोळ्याला दिसतं, आणि बऱ्याच ठिकाणी तोच स्वस्त मिळतो.

म्हणून माती तपासून घ्या, पण नमुना नीट घेतला तरच. एका तुकड्यातून नागमोडी चालत १५ ते २० ठिकाणी वरच्या १५ सेंटीमीटरपर्यंतची माती घ्यायची, झाडाखालची, बांधाजवळची, शेणखताच्या ढिगाची जागा सोडायची, सगळी एकत्र कालवून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, असं करत अर्धा किलो उरवायची. वर आणि खाली मातीचा रंग वेगळा असेल तर दोन वेगळे नमुने. रिपोर्ट आला की आधी सामू (पीएच, म्हणजे माती किती आम्लधर्मी आहे तो आकडा) बघा. ५.५ च्या खाली असेल तर ॲल्युमिनियम मुळांना त्रास देतं आणि स्फुरद मातीतच अडकून बसतं, अशा जमिनीत आधी चुना लागतो, खत नंतर. जमीन फार चोपण, म्हणजे सोडियम साचून घट्ट झालेली, असेल तर वेगळा इलाज. सेंद्रिय कर्ब फार कमी असेल तर रासायनिक खताचा परिणामही अर्धवटच दिसतो, त्यामुळे शेणखत, पालापाचोळा, कडधान्याचा फेर हे खताच्या जागी नाही तर खत लागू पडावं म्हणून हवं.

युरियात ४६ टक्के नत्र (नायट्रोजन) असतं पण दुपारच्या उन्हात मातीवर नुसता फेकला तर त्यातलं बरंच अमोनिया होऊन उडून जातं. जगभरातल्या तृणधान्यांचा हिशोब केला तर टाकलेल्या नत्रातलं निम्म्याहून कमीच दाण्यात पोचतं. उपाय साधे आहेत, सगळं एकदम न टाकता दोन तीन हप्त्यांत द्या, रोपापासून चार बोटं लांब रेघ ओढून त्यात टाका आणि मातीने झाका, कोरड्या जमिनीत टाकून पावसाची वाट बघू नका आणि मुसळधार पावसाच्या तोंडावरही टाकू नका. खत कमी असेल तर सगळ्या शेतावर भुरभुरण्यापेक्षा प्रत्येक रोपाच्या बुंध्याशी चिमूट चिमूट, सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या कोरड्या पट्ट्यात बाजरी ज्वारीला ही पद्धत चांगली लागू पडलीय.

पाण्याबद्दल थोडक्यात: एकूण किती पाणी दिलं यापेक्षा कुठल्या दिवशी दिलं ते बघा. मक्याला तुरा आणि केस येताना, गव्हाला पेरणीनंतर साधारण तीन आठवड्यांनी मुकुटमुळं फुटताना, बहुतेक पिकांना फुलोऱ्यात. एकच पाणी शिल्लक असेल तर ते या दिवसासाठी राखून ठेवा.

शेवटची गोणी फिटते का

हा वाटपाचा भाग. एका तुकड्यात तीन पट्टे करा, एकात नेहमीएवढं खत, एकात अर्धी गोणी जास्त, एकात अर्धी कमी. बाकी सगळं सारखं, एकाच दिवशी. कापणीला तिन्ही वेगळे मोजा. अर्ध्या गोणीने जेवढं पीक वाढलं त्याची घरी येणारी किंमत, म्हणजे वाहतूक, मळणी, दलाली वजा करून, त्या अर्ध्या गोणीच्या खर्चाच्या दुप्पट तरी भरते का बघा. दुप्पट का, तर एखादं वर्ष पाऊस दगा देतो, भाव पडतो, आणि उसनवारीच्या पैशावर व्याज असतं, म्हणून बरोबरीत सुटणारा खर्च छोट्या शेतकऱ्याला खरं तर तोट्याचाच. कमी खताच्या पट्ट्यात पीक फारसं घटलं नाही तर तुम्ही आधीच गरजेपेक्षा जास्त टाकताय, तो पैसा खुरपणीला किंवा चांगल्या बियाण्याला वळवा.

आंतरपीक असेल तर नुसत्या मुख्य पिकाकडे बघून कमी आलं म्हणू नका. मका एकटा लावला असता तर जेवढा आला असता त्याच्या ०.७ आला आणि घेवडा त्याच्या एकट्याच्या ०.५ आला तर बेरीज १.२, म्हणजे एवढंच पीक वेगवेगळं घ्यायला २० टक्के जास्त जमीन लागली असती. कागदावर कमी कार्यक्षम दिसणारी बरीच छोटी शेतं प्रत्यक्षात जोखीम वाटून घेत असतात. एक गेलं तरी दुसरं घरात येईल हा विचार चूक नाही, त्याला किंमत आहे आणि ती मोजमापात सहसा धरली जात नाही.

शेताच्या बाहेरची कारणं

आता हे सगळं माहीत असूनही का जमत नाही, ते बघायला घरात आणि कागदपत्रांत डोकावावं लागतं.

पैसा. किती मिळाला यापेक्षा कधी मिळाला. पेरणी झाल्यावर मंजूर झालेलं कर्ज शेताच्या काही कामाचं नाही. पश्चिम केनियात एक प्रयोग झाला होता, शेतकऱ्यांना कापणी झाल्या झाल्या, हातात पैसा असतानाच, पुढच्या हंगामाचं खत घ्यायची संधी दिली, घरपोच, बस एवढीच सवलत, आणि खत वापरणारे लक्षात येण्याइतके वाढले. पेरणीच्या वेळी तीच सवलत दिली तर तेवढा फरक पडला नाही. मग आपणही हे करू शकतो, धान्य विकल्याच्या आठवड्यातच बी खताचे पैसे बाजूला काढून, शक्य असेल तर वस्तूच घेऊन ठेवायची. युरिया नीट बंद गोणीत कोरड्या जागी टिकतो, बियाणं मात्र ऊन आणि ओलाव्यापासून जपावं लागतं.

बाईच्या नावावरचं, बाईच्या हातातलं शेत. बुर्किना फासोमध्ये एकाच घरातले, एकाच वर्षातले, एकाच पिकाचे नवऱ्याचे आणि बायकोचे तुकडे तुलना करून बघितले गेले (१९९६ साली ते प्रसिद्ध झालं), बायकोच्या तुकड्यात पीक बरंच कमी होतं आणि कारण तिचं कसब नव्हतं, खत आणि माणसं आधी नवऱ्याच्या तुकड्यात जात होती. घरातल्या घरात नुसती वाटणी नीट केली असती तर साधारण ६ टक्के जास्त पीक आलं असतं असा त्या अभ्यासाचा हिशोब. जागतिक अन्न आणि कृषी संघटनेने २०११ मध्ये म्हटलं की बायकांना पुरुषांएवढीच साधनं मिळाली तर त्यांच्या शेतातलं उत्पन्न २० ते ३० टक्क्यांनी वाढू शकतं. हे वाचून मला प्रत्येक वेळी राग येतो, कारण खत विकत आणायचं नाही, कर्ज काढायचं नाही, फक्त आहे त्याची वाटणी बदलायची आहे. वहीत कुठला तुकडा कोण बघतं ते लिहा, आणि खत कुठे आधी पडतं तेही लिहा. प्रशिक्षणाला कोण जातं आणि शेतात प्रत्यक्ष पेरतं कोण, हे एकच माणूस आहे का ते बघा.

जमिनीची शाश्वती. पुढच्या वर्षी जमीन आपल्याकडे राहील की नाही ठाऊक नसेल तर कोणी शेणखत टाकत नाही, बांध घालत नाही, जमीन पड टाकून तिला विसावा देत नाही. घानामध्ये असं दिसलं की गावच्या सत्तेत ज्यांचं वजन आहे त्यांना जमीन जाण्याची भीती कमी, म्हणून ते जमीन जास्त काळ पड ठेवतात आणि त्यांचं पीकही जास्त येतं. तुम्ही वाट्याने किंवा खंडाने कसत असाल तर निदान तीन वर्षांचं बोलणं लेखी करून घ्या, आणि शेणखताचा, चुन्याचा खर्च दोघांनी कसा वाटायचा तेही त्यातच. मालकालाही यात फायदा आहे, हे त्याला आकड्यात दाखवा.

शिक्षण आणि सल्ला. १९८० मध्ये बऱ्याच देशांतले अभ्यास एकत्र करून बघितलं तेव्हा चार वर्षांच्या शाळेने शेतीचं उत्पन्न साधारण ७ ते ९ टक्क्यांनी जास्त दिसलं, आणि फरक तिथेच मोठा होता जिथे बी, खत, बाजार बदलत होते. वाचता येणारं एक माणूस घरात असलं, मग ती शाळेतली मुलगी का असेना, तर पिशवीवरची सूचना वाचली जाते, डोस बरोबर पडतो. शेतात बसून शिकणं अजून चांगलं. इंडोनेशियात १९८९ पासून भातावरच्या तुडतुड्यांसाठी शेतीशाळा सुरू झाल्या, शेतकरी दर आठवड्याला शेतात उतरून किडी आणि त्यांना खाणारे मित्रकीटक मोजायचे आणि मग फवारायचं की नाही ते स्वतः ठरवायचे. तसं पाचसहा जणांनी आठवड्यातून एक सकाळ केलं तर फवारणीचा खर्च कुठे वाया जातोय ते लवकर कळतं.

तुकडे. शेत चार ठिकाणी विखुरलेलं असेल तर चालण्याचाही हिशोब धरा. २० मिनिटं जायला २० यायला, वर्षात १०० दिवस, म्हणजे ६६ तासांच्या वर, आठ तासांचे आठ दिवस नुसते रस्त्यात. लांबच्या तुकड्यात रोज लक्ष लागणारं पीक घेऊ नका, भाजीपाला घराजवळ. विखुरल्याचा एक फायदाही आहे, गारपीट किंवा पूर आला तर सगळं एकदम जात नाही.

आणि छोटं शेत म्हणजे कमी कार्यक्षम असं समजू नका. गेल्या शतकाच्या सुरुवातीला रशियात चायानोव्ह या शेती अर्थशास्त्रज्ञाने आणि पुढे १९६२ मध्ये अमर्त्य सेन यांनी दाखवलं की एकरी उत्पन्न बऱ्याचदा छोट्या शेतातच जास्त असतं, घरची माणसं जीव लावून राबतात म्हणून. हल्ली जमीन आणि पीक दोन्ही नीट मोजल्यावर हा फरक काही ठिकाणी कमी होतो किंवा नाहीसाही होतो, म्हणजे परत मोजमापाचाच मुद्दा आला. पण माणसाच्या दिवसामागचं उत्पन्न छोट्या शेतात कमीच पडतं, म्हणून घरातलं कोणी बाहेर कामाला जातं, त्याने पैसा येतो पण खुरपणीला हात कमी पडतात. बाहेरच्या कामाची आणि शेतातल्या गर्दीच्या आठवड्यांची तारीख शेजारी शेजारी मांडून बघा, दोन आठवड्यांची सुट्टी कुठे घ्यायची ते लगेच कळतं.

मळणीनंतरचं गळणं

पिकवलेलं घरात सडलं तर वरचं सगळं वाया. धान्य साठवण्याआधी १३ टक्क्यांच्या आसपास वाळलेलं हवं. यंत्र नसेल तर काचेची कोरडी बरणी घ्या, त्यात थोडं चांगलं वाळवलेलं मीठ आणि वर धान्य, झाकण लावून दोन तीन मिनिटं हलवा, पंधरा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर धान्य अजून ओलं आहे, परत उन्हात टाका. जमिनीवर नाही, ताडपत्रीवर. हवाबंद पिशवी मिळाली तर आतले किडे ऑक्सिजन संपून मरतात, औषध लागत नाही, फक्त पिशवीला भोक पडू देऊ नका आणि धान्य ओलं असताना भरू नका, बुरशी लागते.

एका हंगामात एकच

आता वही घेऊन बसा आणि प्रत्येक गळतीसमोर दोन गोष्टी लिहा, साधारण किती पोती जातायत आणि थांबवायला किती खर्च. रोपं ३० टक्के कमी, खर्च जवळपास काही नाही. खुरपणी दोन आठवडे उशिरा, खर्च चार माणसांचे दोन दिवस. सामू कमी, खर्च मोठा, दोन तीन वर्षांत पसरलेला. ज्याने पोती जास्त वाचतात आणि खर्च कमी ते आधी घ्या. एका हंगामात एकच बदला, दोन फार तर, कारण पाच गोष्टी एकदम बदलल्या आणि पीक वाढलं तर कशामुळे वाढलं ते कळत नाही, आणि घटलं तर सगळंच सोडून द्यावंसं वाटतं. बदल पूर्ण शेतात करू नका, एका पट्ट्यात जुनी पद्धत तशीच ठेवा, चारही कोपऱ्यांवर खुंट्या ठोका, आणि कापणीच्या दिवशी घरातल्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवा की या खुंट्यांच्या आतलं पीक वेगळ्या पोत्यात भरायचं आहे, नाहीतर मळणीच्या गडबडीत ते ढिगात जातं आणि वर्षभर थांबून केलेलं मोजमाप हातचं निघून जातं.